घरचें ध्वनिमुद्रण आणि बंद पाठीचे हेडफोन

जळगांवजवळच्या आसोदे गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. शेतांत काम करतांना आणि जात्यावर बसलें असतां त्यांच्या मुखावाटे जीं गाणीं निघत, तीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्त पीतांबर चौधरी यांनीं वेळोवेळीं कागदावर उतरून घेतलीं. म्हणूनच १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्यानंतर १९५२ सालीं ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध होऊं शकला. शब्द वांचले. परंतु ओवी म्हणतांना श्वास कोठें घेतला जातो, कोणता स्वर लांबविला जातो, जात्याचा फेरा आणि ओळीचा शेवट यांची गांठ कशी पडते, हें कागद सांगूं शकत नाहीं. ग्रंथांत शब्द येतो. गळा येत नाहीं.

धुळें हें तर कागद जपण्याविषयीं नांवाजलेलें शहर. इतिहासाचार्य राजवाडे यांचा अंत १९२६ सालीं तेथेंच झाला, आणि त्यांच्या मागें त्यांच्या नांवानें निघालेल्या संशोधन मंडळानें त्यांचीं दप्तरें सांभाळलीं. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत जुनीं बाडें आहेत. ग्रियर्सन साहेबांनीं भारतीय भाषांच्या आपल्या पाहणींत खान्देशी बोलीला १९०७ सालीं छापलेल्या भागांत जागा दिली. तीहि अर्थात् अक्षरांच्या द्वारें. बोली मात्र कानाची वस्तु आहे. प्रमाण मराठींतला ‘डोळा’ अहिराणींत ‘डोया’ होतो. पण त्या ‘य’चा मऊपणा किती, आणि त्याच्या मागचा स्वर केवढा ओढावयाचा, हें ऐकल्यावांचून कळण्यासारखें नाहीं.

आज हें ऐकून ठेवण्याचें काम करण्यासाठीं मोठ्या संस्थेची वाट पाहावी लागत नाहीं. एक संगणक, एक मायक्रोफोन, मायक्रोफोनचा आवाज संगणकांत नेणारी ऑडिओ इंटरफेस नांवाची लहानशी पेटी आणि एक हेडफोन, एवढ्या सामग्रीवर जळगांव, धुळें, अमळनेर, शिरपूर येथील तरुण घरच्या घरीं गाणीं मुद्रित करूं लागले आहेत, आणि यूट्यूबवर अहिराणी गीतांना लक्षावधि श्रोते लाभत आहेत. या चार वस्तूंपैकीं मायक्रोफोनवर पैसा खर्च होतो, संगणकाची चर्चा होते. हेडफोन मात्र ‘मोबाइलबरोबर आला होता तो आहे कीं’ या न्यायानें निवडला जातो. कित्येक चांगल्या मुद्रणांचा घात येथेंच होतो.

एक प्रसंग कल्पावा. आखाजीसाठीं माहेरीं आलेली सत्तरीची आत्या गौराईचीं गाणीं म्हणावयास एकदांची राजी झाली. भाच्यानें ढोलकीचा ठेका आधींच तयार करून ठेवला आहे. तो आत्याच्या कानांत वाजावा आणि तिनें त्यावर गावें, म्हणजे ढोलकी व गळा यांचीं मुद्रणें वेगवेगळीं मिळतील, असा त्याचा बेत. ‘मला ठेका ऐकूं येत नाहीं रे’ असें आत्या म्हणते, म्हणून भाचा आवाज वाढवितो. ती पुन्हां तसेंच म्हणते, म्हणून तो आणखी वाढवितो. गाणीं रंगतात. रात्रीं सर्व निजल्यावर भाचा नुसता गळा ऐकावयास बसतो, तों प्रत्येक ओळीखालीं ढोलकीची बारीक टकटक! आत्याच्या कानांतील ठेका हेडफोनच्या भोंकांतून बाहेर झिरपला आणि एका वितीवर असलेल्या मायक्रोफोननें तो इमानानें टिपला. पुढें ठेका बदलावा म्हटलें तर जुना ठेका गळ्याला चिकटलेला. गळा हळू असेल तेथें तर टकटकच मोठी. सकाळच्या गाडीनें आत्या सासरीं गेलेली असते, आणि पुढच्या आखाजीला ती येईलच, आली तरी तिचा आवाज तोच असेल, अशी हमी कोण देणार?

हा घात कसा टळतो हें समजण्यासाठीं हेडफोनची घडण थोडी पाहिली पाहिजे. प्रत्येक कानावरच्या वाटींत एक पातळ पडदा असतो. त्याला चिकटलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत मागें-पुढें हालतें व त्याच्याबरोबर पडदाहि हालतो. पडदा पुढें गेला कीं कानाकडील हवा दाबली जाते. पण त्याच क्षणीं पाठीमागची हवाहि तितकीच विरळ होते. म्हणजे पडदा जितका आवाज कानाकडे करतो तितकाच पाठीकडे करतो. हा पाठीचा आवाज जाळींतून मोकळा सोडला तर तो ‘उघड्या पाठीचा’ हेडफोन. आणि वाटीची पाठ कठीण कवचानें बंद केली व कानाभोवतीं गादी घट्ट बसविली, तर तो ‘बंद पाठीचा’.

इतिहासाच्या दृष्टीनें बंद पाठ हीच आधींची. अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन यानें घरच्या स्वयंपाकघरांत तयार केलेले कर्णयंत्र १९१० सालीं तेथील नौदलाकडे पाठविले, आणि बिनतारी संदेश ऐकणाऱ्या खलाशांच्या कानांवर ते चढले. १९२७ च्या जुलैंत मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां स्फटिकाचे यंत्र बाळगणारे हौशी श्रोतेहि कार्यक्रम ऐकत ते कानांवर असलींच झांकणें लावून. १९३७ सालीं बर्लिनच्या बायर कंपनीनें हालत्या वेटोळ्याचा हेडफोन काढला. १९५८ सालीं अमेरिकेच्या कॉस यानें दोन्ही कानांना निरनिराळा आवाज देणारा स्टीरिओ हेडफोन बाजारांत आणला. आणि उघड्या पाठीची कल्पना सेनहायझर कंपनीच्या एच.डी.-४१४ या हेडफोननें १९६८ सालीं लोकप्रिय केली. उघड्या पाठीचा आवाज मोकळा व रुंद वाटतो, यांत शंका नाहीं. वाद्यांचीं मुद्रणें एकत्र करून त्यांचा तोल साधतांना तो उपयोगी पडतो. पण गाणारा मायक्रोफोनसमोर उभा असतां उघडी पाठ वापरणें म्हणजे पाण्याची घागर भोंक ठेवून भरण्यासारखें आहे.

बंद पाठीचीं दुखणीं नाहींत असें नाहीं. कोंडलेली हवा पडद्याला स्प्रिंगेसारखी ढकलते. कवचाच्या आंत आवाज आदळून परत येतो. त्यामुळें खर्जाचा भाग कांहीं हेडफोनांत फुगतो, आणि मधला भाग पेटींतून आल्यासारखा वाटतो. चांगल्या कारागिरीचें लक्षण हेंच कीं ही फुगवटी कमी असते. बाजारांत ‘एक्स्ट्रा बास’ अशी जाहिरात केलेले हेडफोन असतात. ते गाणें ऐकण्याच्या आनंदासाठीं कोणी घेतले तर त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मुद्रणासाठीं मात्र ते वर्ज्य समजावे. ज्याच्या हेडफोनांत ढोल मुळांतच मोठा ऐकूं येतो, तो मुद्रणांत ढोल कमी करून ठेवतो, आणि मग तेंच गाणें लग्नाच्या मांडवांत वाजलें कीं ढोल कोठें गेला म्हणून लोक विचारतात.

येथें एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. बंद हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवितो हें खरें, पण तो गाणाराच्या कानापुरता. मायक्रोफोनच्या कानावर कसलेंच झांकण नसतें. छताचा पंखा, वैशाखांतील कूलर, इन्व्हर्टरची गुणगुण, महामार्गावरून धांवणारे ट्रक, हें सर्व मायक्रोफोन ऐकतो, आणि गाणाराला तें ऐकूं येत नसल्यामुळें उलट त्याची सावधगिरी सुटते. म्हणून मुद्रण करणारानें स्वतः हेडफोन लावून, कोणी गात नसतां, नुसती खोली दोन मिनिटें ऐकावी. खान्देशांतील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती या बाबतींत नव्या घरांहून पुष्कळ बऱ्या. सिमेंटच्या गुळगुळीत फरशीच्या खोलींत आवाज घुमतो, तेथें दोन-तीन जाड गोधड्या गाणाराच्या पाठीशीं व बाजूला टांगल्या तरी फरक पडतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत पंखा बंद करून दुपारीं कोणाला गावयास लावणें ही निर्दयता होय. पहाटेची वेळ धरावी. जात्यावरच्या ओव्यांची वेळहि तीच.

आतां निवड. दुकानांत गेल्यावर पेटीवर जे आंकडे दिसतात त्यांत ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आंकडा पाहून कोणी फार प्रभावित होऊं नये. तो जवळजवळ प्रत्येक पेटीवर असतो, आणि त्या पल्ल्यांत कोठें उंचवटा आहे व कोठें खड्डा, हें त्यावरून कळत नाहीं. याहून ओहमचा आंकडा महत्त्वाचा. ओहम हें विजेच्या विरोधाचें माप. लहान इंटरफेसमधून हेडफोनला मिळणारा विद्युद्दाब मर्यादित असतो. तोच दाब ८० ओहमच्या आणि २५० ओहमच्या हेडफोनला दिला, तर दुसऱ्याला पहिल्याच्या एकतृतीयांशाहूनहि थोडी कमी शक्ति मिळते. मग आवाज बारीक येतो आणि घेणारा हेडफोनला दोष देतो. बायरडायनॅमिकचा डी.टी.-७७० प्रो हा नांवाजलेला बंद हेडफोन ८० ओहमचाहि मिळतो आणि २५० ओहमचाहि. घरच्या पेटीला ८० चा योग्य. सोनीचा एम.डी.आर.-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंत रुळलेला आहे, तो ६३ ओहमचा, सेनहायझरचा एच.डी.-२८० प्रो ६४ चा, ऑडिओ-टेक्निकाचा ए.टी.एच.-एम ५० एक्स ३८ चा. हे तिन्ही साध्या इंटरफेसवर पुरेसे बोलतात. यांपैकीं अमुकच घ्यावा असा आग्रह येथें नाहीं. याच नमुन्याचे कमी किंमतीचे हेडफोनहि मिळतात, आणि त्यांतले कांहीं कामाला पुरतात. नांवाजलेल्या नमुन्यांच्या नकला मात्र सर्वत्र विकल्या जातात. निम्म्या किंमतींत मिळणारें मोठें नांव हें बहुधा नुसतें नांवच असतें, हें ध्यानांत ठेवून पावती व हमीपत्र घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आंकड्यांनंतर डोकें. बंद हेडफोनचा सर्व गुण गादीच्या घट्ट बसण्यावर अवलंबून आहे, आणि तो प्रयोगशाळेंतील डोक्यावर नव्हे, तर गाणाराच्या डोक्यावर बसावयाचा असतो. चष्म्याची काडी गादीखालून गेली कीं तेवढी फट राहते. कानांतल्या कुड्या, बुगड्या, जाड वेल यांनीं गादी उचलली जाते आणि दुखतेंहि. डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईंच्या कानावर पदराचा थर येतो. टोपी किंवा फेटा असेल तर पट्टी वरच्या वर तरंगते. अशा वेळीं वडिलधाऱ्या बाईंना ‘पदर काढा’ असें सांगणें कोणालाहि शोभणार नाहीं. पट्टी पदरावरून घेऊन फक्त वाट्यांखालचें कापड मागें सारून घ्यावें, आणि दागिन्यांविषयीं घरांतल्या सुनेनें वा लेकीनें विचारावें. वाटी सर्व कान झांकणारी असावी. कानावर नुसती टेकणारी लहान वाटी येथें कामाची नाहीं.

पुष्कळ गाणारे, त्यांतहि परातीभोवतीं बसून किंवा जात्यावर गाणाऱ्या बायका, एक कान मोकळा ठेवल्यावांचून गाऊं शकत नाहींत. स्वतःचा आवाज हवेंतून ऐकण्याची त्यांची संवय जन्माची आहे. दोन्ही कान झांकले कीं त्यांचा सूर चढतो किंवा उतरतो. त्यांना एक वाटी खुशाल मागें सारूं द्यावी. मात्र त्या बाजूचा आवाज संगणकांत अगदीं बंद करून, ठेका फक्त झांकलेल्या कानांतच सोडावा. एवढी एक गोष्ट न केल्यामुळें उत्तम बंद हेडफोन असूनहि मोकळ्या वाटींतून ढोलकी मायक्रोफोनपर्यंत पोहोंचते.

बिनतारी हेडफोनचा मोह आतां सर्वांनाच आहे. तो येथें टाळावा. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत येण्यास वेळ लागतो. हा विलंब सेकंदाच्या एकपंचमांशापर्यंत सहज जातो. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो, या हिशेबानें ढोलकीवाला गाणारापासून ६८ मीटरांवर बसविल्यासारखें झालें. (जळगांवच्या उन्हाळ्यांत हवा तापून आवाज थोडा वेगानें चालतो, पण तो विषय निराळा.) तारेचाच हेडफोन घ्यावा, आणि तार तीन मीटरच्या आसपास असावी. बदलतां येणारी तार असेल तर उत्तम; कारण घरच्या मुद्रणांत हेडफोन मरतो तो पडद्यानें नव्हे, तर कोणाच्या तरी पायांत तार अडकून. जाड व बारीक अशा दोन्ही छिद्रांना चालणारें जोड-टोंक पेटींत आहे कीं नाहीं तें पाहावें. इंटरफेसवर गाणाराचा आवाज संगणकांत न फिरवतां थेट कानाकडे नेणारी सोय बहुधा असते. ती चालू ठेवावी, म्हणजे गाणाराला स्वतःचा गळा मागाहून आल्यासारखा वाटत नाहीं.

घरीं आणल्यावर, हमीची मुदत असेतोंपर्यंत, एक परीक्षा अवश्य करावी. घरांतील कोणाच्याहि डोक्यावर हेडफोन चढवून त्याला मायक्रोफोनसमोर गाण्याच्या अंतरावर बसवावें. ठेका नेहमींपेक्षां थोडा मोठा सोडावा, आणि बसणारानें तोंड मिटून स्वस्थ राहावें. असें एक मिनिट मुद्रित करून तें आवाज वाढवून ऐकावें. टकटक आली तर गादी नीट बसली होती का, चष्मा होता का, एक वाटी सरकली होती का, हें पाहून पुन्हां करावें. तरीहि आली तर हेडफोन परत करावा. ठेक्यासाठीं ढोलकीपेक्षां धातूची टिकटिक अधिक बाहेर पडते, कारण उंच स्वर बारीक फटींतूनहि वाट काढतो. म्हणून गाणाराच्या कानांत झांजेऐवजीं ढोलकीचा किंवा टाळीचा मऊ ठेका द्यावा.

आवाज किती मोठा ठेवावा याविषयीं कसूर करूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. तोच ९० डेसिबल झाला तर अवघे चार तास. मुद्रण करणारा तरुण रोज रात्रीं दोन-दोन, तीन-तीन तास ऐकत बसतो, त्याला हा हिशेब लागू आहे. कान थकला कीं तो आणखी मोठा आवाज मागतो, आणि त्या थकलेल्या कानानें केलेलें काम सकाळीं कर्कश वाटतें. गाण्याचा शेवटचा तोलहि केवळ बंद हेडफोनवर ठरवूं नये. एकदां साध्या स्पीकरवर, एकदां मोबाइलवर, आणि शक्य तर शेजाऱ्याच्या मोटारींत तें ऐकून पाहावें. श्रोते तेथेंच ऐकणार आहेत.

खान्देशाच्या हवेंत गादीची निवड हाहि गौण प्रश्न नाहीं. कातडीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम गाद्या आवाज चांगला अडवितात, पण घामानें ओल्या होतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत त्यांचे पापुद्रे निघूं लागतात. ते काळे कण गाणाराच्या गालांवर चिकटलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. मखमली गाद्या थंड राहतात, मात्र थोडा आवाज सोडतात. दोहोंपैकीं कोणत्याहि असोत, त्या बदलून मिळतात कीं नाहीं हें घेतांनाच विचारावें. दर मुद्रणानंतर कोरड्या फडक्यानें पुसाव्या, आणि हेडफोन उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत ठेवूं नये. दुसऱ्याच्या कानाला लावण्यापूर्वीं गादीवर स्वच्छ सुती रुमालाची पातळ घडी घालण्याचा मोह होतो. पण त्यानेंहि फट पडते. त्यापेक्षां एक जादा जोड बाळगावा.

आणि मुद्रण संपल्यावर सामान आवरण्याची घाई करूं नये. आरंभीं गाणाराचें नांव, गांव व तारीख तिच्याच तोंडून घेतली नसेल तर ती आतां घ्यावी. मग ठेका बंद करून, नुसता गळा, तोच हेडफोन आत्याच्या कानांवर बसवून तिला ऐकवावा. ती प्रथम लाजेल, मग डोळे मिटून ऐकेल, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला हात वर करून म्हणेल कीं येथें दुसरा शब्द पाहिजे, तिची आई असें म्हणत नसे. मायक्रोफोन अजून जागेवर असतो. ती ओळ तेव्हांच पुन्हां म्हणून घ्यावी.